दस्तक म्हणजे पासपोर्ट नव्हे : पानशेतच्या घाटवाटेपासून सीमेवरच्या कागदापर्यंत

१/
‘आग्र्याच्या कैदेत असताना शिवाजी महाराजांनी आपल्या माणसांसाठी पासपोर्ट मिळवले होते’, अशा आशयाचे एक चित्र सध्या फिरत आहे. त्याखाली दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, पासपोर्ट आमच्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वीच होता. दुसरा म्हणतो, पासपोर्ट ही विसाव्या शतकातील युरोपची निर्मिती. त्याआधी माणूस वाटेल तेथे मोकळेपणी जात असे. माझ्या मते दोन्ही तट चुकले आहेत. का, ते या धाग्यात सविस्तर मांडते.

२/
माझे घर पानशेतला. राजगड आणि तोरणा ज्या तालुक्यात उभे आहेत, त्याच वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात. आग्र्याहून सुटलेले महाराज ज्या गडावर परतले, तो आमच्या डोंगराच्या पलीकडचा. त्यामुळे या प्रसंगाविषयी अभिमान बाळगण्याचा हक्क मलाही आहे. परंतु अभिमान शब्दांच्या अर्थावर उभा असावा, शब्दांच्या गोंधळावर नव्हे.

३/
एक साधी कसोटी सुचवते. सीमेवर दाखवला जाणारा प्रत्येक कागद हा कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असतो. म्हणून जुना कागद हाती आला की ‘याला आज काय म्हणतात?’ असे विचारू नये. ‘पहारेकऱ्याने कोणता प्रश्न विचारला असता हा कागद पुढे केला जाई?’ असे विचारावे. या कसोटीवर दस्तक, पास, परमिट आणि पासपोर्ट हे चार निरनिराळे कागद ठरतात.

४/
सुरुवात घरापासून करू. पानशेतहून धरणाच्या कडेकडेने घोळ गावाकडे रस्ता जातो. तेथून कोकणदिव्याच्या पायथ्याजवळून कावल्या घाट खाली उतरतो आणि रायगडाच्या परिसरात पोहोचतो. दक्षिणेकडे केळदजवळ मढे घाट आहे, उपांड्या घाट आहे. देश आणि कोकण यांच्यामधील खरी सीमा ही सह्याद्रीची धार होती, आणि या घाटवाटा म्हणजे त्या सीमेचे दरवाजे.

५/
या दरवाजांवर चौक्या असत. खालून मीठ आणि सुकी मासळी वर येई. वरून धान्य खाली जाई. चौकीवरचा प्रश्न असे : ‘काय आणले आहे, आणि जकात भरली का?’ बैल किती, गोणी किती, हे पाहिले जाई. डोक्यावर पाटी घेऊन उतरणाऱ्या मावळ्याकडे त्याच्या नावाचा कागद कोणी मागत नसे. लढाईच्या दिवसांत मात्र हीच चौकी नाके बनून वाट अडवून धरी.

६/
जुन्या मराठी कागदांतील ‘राहदारी’ हा शब्द म्हणूनच फार बोलका आहे. वाटेवर घेतला जाणारा कर तीही राहदारी, आणि वाट मोकळी करून देणारा कागद तीही राहदारी. अडवणूक आणि मोकळीक या दोहोंना एकच शब्द! सीमेवरच्या प्रत्येक कागदाचा स्वभाव या एका शब्दात सापडतो. ज्याने वाट अडवली आहे, तोच ती उघडण्याची चिठ्ठी देऊ शकतो.

७/
आता ‘दस्तक’. फारसीत ‘दस्त’ म्हणजे हात. दस्तकावर हुकूम देणाऱ्याची मोहोर असे. कोणाची माणसे आहेत, कोठून कोठे जात आहेत, त्यांना अटकाव करू नये, असा त्याचा आशय असे. म्हणजे त्यातून उत्तर मिळे ते ‘कोणाच्या परवानगीने चालला आहात?’ या प्रश्नाचे. ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न दुय्यम होता. कागदाचे वजन बाळगणाऱ्यावर नसे. मोहोर कोणाची, यावर असे.

८/
ही कसोटी घेऊन आग्र्याला जाऊ. १२ मे १६६६ रोजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले. अपमान झाला, ते संतापले, आणि पुढे त्यांच्या मुक्कामाभोवती पहारे बसले. या दिवसांची माहिती आपल्याला मुख्यतः जयपूर दरबाराच्या माणसांनी तेथून धाडलेल्या राजस्थानी पत्रांतून मिळते. ती घटना घडत असतानाच लिहिलेली असल्यामुळे त्यांचे मोल मोठे आहे.

९/
त्या पत्रांतील एक बाब पासपोर्टच्या वादापेक्षा महत्त्वाची आहे. महाराजांची हमी मिर्झाराजे जयसिंगांचे पुत्र रामसिंग यांनी घेतली होती, तीही लेखी. अर्थात, आग्र्यात महाराजांची ओळख व जबाबदारी ज्या कागदावर टेकली होती, तो कागद दुसऱ्याने लिहून दिलेला जामीन होता. त्या काळची ओळख अशी असे. माणूस स्वतःच्या कागदावर ओळखला जात नसे. त्याच्यासाठी कोण उभा राहतो, यावर ओळखला जाई.

१०/
मग महाराजांनी आपल्या लोकांना दक्षिणेत परत पाठवण्याची परवानगी मागितली. बादशहाने ती आनंदाने दिली, कारण माणसे गेली की हा माणूस एकटा पडेल, असा त्याचा हिशेब. त्या लोकांना मिळाले ते दस्तक. या घटनेत महाराजांचे जे चातुर्य आहे, ते ‘पासपोर्ट मिळवला’ या वाक्यात झाकले जाते. शत्रूची मोहोर शत्रूच्याच चौक्यांतून आपली माणसे पार करण्यासाठी वापरणे, हा तो डाव होता.

११/
१७ ऑगस्ट १६६६. पेटाऱ्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात शिरत नाही. दुसऱ्या दिवशी पलायन उघड झाले आणि वाटा-वाटांवर शोधाचे हुकूम सुटले. आता विचार करा : त्या चौक्यांवरच्या शिपायांनी शोधायचे तरी कोणाला? हाती चित्र नाही, ठसा नाही. असलेच तर ऐकीव वर्णन. एवढे प्रबळ साम्राज्य, पण एका चेहऱ्याची खूण चौकीपर्यंत पोहोचवण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते.

१२/
त्यातच गोसावी-बैराग्यांचा वेश. तीर्थयात्रेला निघालेल्या साधूची वाट सहसा कोणी अडवत नसे. वेश हाच त्या काळचा एक परवाना होता. वाटेत एका फौजदाराला रत्ने देऊन सुटका करून घेतल्याची कथा खाफीखानाने दिली आहे. ती त्याने अनेक दशकांनंतर लिहिली, म्हणून जपून वाचावी. पण ती कथा त्या काळी पटण्यासारखी होती, हेही लक्षात घ्यावे.

१३/
या सुटकेची किंमत कोणी भरली? बाळ संभाजीराजांना मथुरेत ठेवावे लागले. ते नंतर राजगडावर आले. मागे राहिलेले त्रिंबकपंत डबीर आणि रघुनाथपंत कोरडे पकडले गेले. त्यांना हाल सोसावे लागले. आणि जामीन राहिलेल्या रामसिंगावर बादशहाचा रोष ओढवला. ज्या व्यवस्थेत ओळख म्हणजे जामीन, तेथे एक निसटला की शिक्षा दुसऱ्याला होते. आजचा पासपोर्ट अशा जामिनावर चालत नाही. हा पहिला मोठा फरक.

१४/
दस्तक ही सत्तेची खूण होती, हे समुद्रावर अधिक स्पष्ट दिसते. पोर्तुगीज इतरांच्या जहाजांना ‘कार्ताझ’ घ्यायला लावत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक घेण्याचा आग्रह धरला आणि त्यावरून इंग्रजांशी खटके उडाले. वाद ओळखीचा नव्हताच. ‘या पाण्यावर परवानगी द्यायचा अधिकार कोणाचा?’ हा होता. बंगालमध्ये कंपनीच्या दस्तकांच्या गैरवापराने नवाबाची जकात बुडाली आणि मीर कासिमशी युद्धापर्यंत वेळ आली. तेथेही प्रश्न मालाचाच.

१५/
म्हणजे पहिला तट चुकला. पण दुसरा तट तरी बरोबर आहे का? ‘पासपोर्ट येण्याआधी सगळे मोकळे होते.’ वरवर पाहता तसेच दिसते. इंग्रजी अमदानीत वेल्ह्याचा मोठा भाग भोर संस्थानात होता, आणि पुणे जिल्हा इंग्रजांच्या मुलखात. दोन वेगळ्या राज्यांची सीमा आमच्या डोंगरांतून जात होती. तरी बाजाराला वा सोयऱ्यांकडे जाण्यासाठी कोणा शेतकऱ्याला ओळखपत्र लागत नव्हते. १९४८ साली संस्थान विलीन झाले.

१६/
परंतु हे चित्र अपुरे आहे. ‘कागद लागत नव्हता’ असे म्हणताना ‘कोणाला?’ हा प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्या शतकात जमीनदार, वकील, व्यापारी मोकळेपणी हिंडत होते, त्याच शतकात काही लोकांच्या गळ्यात कागद अडकवले जात होते. आणि त्यांत मराठी बोलणारे लोक होते. दोन उदाहरणे देते.

१७/
पहिले उदाहरण मॉरिशसचे. १८३४ नंतर तेथील उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपल्याकडचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव करतात. करार संपलेल्या मजुरालाही तिकीट जवळ बाळगावे लागे. १८६७ च्या कायद्याने त्या तिकिटावर छायाचित्र आले. कागद दाखवता आला नाही, तर भटक्या म्हणून अटक.

१८/
हा काळ नीट पाहा. युरोपातील सामान्य प्रवाशाच्या पासपोर्टवर छायाचित्र सक्तीचे झाले, ते पहिल्या महायुद्धात. त्याच्या जवळपास अर्धे शतक आधी, आपल्या मुलखातून गेलेल्या मजुराच्या चेहऱ्याचे छायाचित्र त्याच्या कागदावर लागले होते. त्याचा सन्मान व्हावा म्हणून नव्हे, तो मळ्यातून पळू नये म्हणून. आग्र्याच्या चौकीला जे साधले नव्हते, ते आता साधले होते. पण ते प्रथम आजमावले गेले गरिबांवर.

१९/
दुसरे उदाहरण घरच्या भूमीवरचे. १८७१ साली इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींतील माणसांची नोंद झाली, बोटांचे ठसे घेतले गेले. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे तर पास हवा. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातील वसाहत होती, तिला लोक ‘सेटलमेंट’ म्हणत.

२०/
या पासचा प्रश्न काय होता? ‘माल काय?’ नाही. ‘परवानगी कोणाची?’ एवढेच नाही. ‘तू कोणाच्या पोटी जन्मलास, आणि परत केव्हा येणार?’ ज्यांचे सारे जगणे वाटेवर होते, त्यांच्यासाठी प्रत्येक गावाची वेस ही सीमा झाली. भारतात हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. म्हणून ‘पासपोर्टपूर्वी सगळे मोकळे होते’ हे विधान मला मान्य नाही.

२१/
आता खुद्द पासपोर्ट. १९१४ च्या युद्धात हेरांच्या भीतीने युरोपातील देशांनी सीमा आवळल्या. हिंदुस्थानात १९१७ मध्ये युद्धकालीन नियम आले आणि १९२० मध्ये कायदा झाला. त्याच वर्षी पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरली आणि पासपोर्टचा नमुना ठरवण्यात आला. तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था कायमची झाली. तिचा प्रश्न नवा होता : ‘तू कोणत्या राष्ट्राचा?’

२२/
हा प्रश्न मराठी माणसाला किती अनपेक्षितपणे गाठू शकतो, याचे उदाहरण कराची. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. नोकरी-व्यवसायानिमित्त कितीतरी मराठी कुटुंबे तेथे राहिली. नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा कराचीत आजही आहे. पुण्याहून कराचीला जाणे म्हणजे इलाख्यातील एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणे होते. मध्ये सीमा नव्हतीच.

२३/
१९४७ साली सीमा आली, पण कागद लगेच आला नाही, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. जवळपास वर्षभर माणसे दोन्हीकडे ये-जा करीत होती. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट लागू केले; काही महिन्यांत पाकिस्ताननेही केले. ऑक्टोबर १९५२ पासून दोन देशांत पासपोर्ट आला. ‘आलेला परत आलेला आहे, की भेटीला?’ हे परमिटच्या प्रकारावरून ठरू लागले. मागे राहिलेले घर, वाट पाहणारी माणसे या गोष्टींना त्या कागदावर रकाना नव्हता.

२४/
उलट दिशेचे उदाहरण गोव्याचे. बांदा आणि पत्रादेवी यांच्यामधील सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरिकी होत्या, देवही एकच होते. पुण्यात स्थापन झालेल्या गोवा विमोचन सहाय्यक समितीच्या प्रेरणेने १८ मे १९५५ रोजी सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांची तुकडी गोव्यात शिरली. परवानगी न घेता शिरणे हाच त्यांचा मुद्दा होता. ज्या सीमेवर पोर्तुगिजांचा हक्कच मान्य नाही, तेथे त्यांच्याकडे कागद मागणे म्हणजे तो हक्क मान्य करणे.

२५/
१५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही निःशस्त्र सीमा ओलांडू लागले. पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मरण पावली. त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती कागद नव्हता, आणि तो नसणे हेच त्यांचे म्हणणे होते. आग्र्यात कागद वापरून सत्तेला चकवले गेले. पत्रादेवीला कागद नाकारून सत्तेलाच नाकारले गेले. दस्तकाचा इतिहास सांगणाऱ्यांनी हा दुसरा इतिहासही सांगावा.

२६/
१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती सीमा पुसली गेली. १९६२ च्या आदेशाने गोवेकर भारताचे नागरिक झाले. तरीही ती तारीख कागदांत जिवंत आहे. त्यापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील पिढ्यांना पोर्तुगालच्या नागरिकत्वावर दावा करता येतो. तो साधला की भारताचे नागरिकत्व सुटते. भूमीवरची सीमा गेली, घराघरांतील कपाटांत मात्र राहिली.

२७/
त्याच १९६१ सालची आणखी एक तारीख आमच्या गावाच्या नावाने ओळखली जाते : १२ जुलै. पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली गेले. माझ्या आजीचे माहेर शनिवार पेठेतले. पूर ओसरल्यावर घरात चिखल होता आणि लोखंडी ट्रंकेत कागदांचा लगदा. त्यात तिचा शाळा सोडल्याचा दाखला होता. पुढे लग्न झाले. रीतीप्रमाणे सासरी तिचे नावही बदलले आणि ती आमच्या पानशेतच्या घरी आली.

२८/
काही वर्षांपूर्वी तिला पशुपतिनाथाच्या दर्शनाला जायचे होते. आधी पासपोर्ट काढू म्हटले. जन्माच्या नावाची मुलगी आणि लग्नानंतरच्या नावाची बाई ही एकच, हे सिद्ध करणारा कागद तिच्याकडे उरला नव्हता. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात आम्ही फेऱ्या मारल्या. शेवटी ती वैतागून म्हणाली, ‘मी इथे समोर बसले आहे ना, मग विचारा की मलाच!’ ते कोणी विचारले नाही. व्यवस्थेला तसे विचारताही येत नाही.

२९/
शेवटी ती यात्रेच्या बसने गेली. भारत-नेपाळ सीमा १९५० च्या करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना खुली आहे. सोनौलीला शिपायाने तिचे मतदार ओळखपत्र क्षणभर पाहिले आणि हात हलवला. झाले! परत आल्यावर तिने पशुपतिनाथाविषयी जेवढे सांगितले, तेवढेच त्या हात हलवण्याविषयी सांगितले. तेव्हा मला कळले की कागदाचा इतिहास हा अभिलेखागाराइतकाच घराघरांतही असतो.

३०/
येथे एक उपयुक्त भेद सांगते. नेपाळ-भूतानसाठी प्रौढ भारतीयाला मतदार ओळखपत्र वा पासपोर्ट चालतो. मुले आणि ज्येष्ठ वगळता आधार चालत नाही. पुष्कळांना याचे आश्चर्य वाटते. पण आमची कसोटी लावून पाहा. आधार ‘तू कोण?’ याचे उत्तर देते. सीमेचा प्रश्न ‘तू कोणत्या देशाचा नागरिक?’ हा आहे. २०१९ साली खुल्या झालेल्या कर्तारपूर मार्गासाठीही व्हिसा नको, पण पासपोर्ट हवा, अशी तरतूद झाली, ती याचमुळे.

३१/
आता दस्तक आणि पासपोर्ट यांतील सर्वांत मोठा फरक. दस्तक ही मर्जी होती. बादशहा देई, बादशहा काढून घेई. स्वतंत्र भारतातही बराच काळ पासपोर्ट देणे ही सरकारची मर्जी मानली जाई. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावाचून ते अडवता येणार नाही. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला.

३२/
पुढे १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले : नुसता कायदा असणे पुरेसे नाही, पद्धतही न्याय्य असली पाहिजे, ज्याचा पासपोर्ट रोखला, त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. आग्र्यातील कैद्याला असा दरवाजा नव्हता. त्याला बुद्धी, धैर्य आणि वेश यांवरच विसंबावे लागले. ‘दस्तक म्हणजेच पासपोर्ट’ असे म्हणताना आपण मर्जी आणि हक्क यांच्यामधले तीन शतकांचे अंतर पुसून टाकतो. माझी खरी तक्रार ही आहे.

३३/
आणि ‘पासपोर्ट म्हणजे केवळ हक्क’ असे म्हणालो, तर दुसरे अर्धे सत्य पुसले जाते. आजच्या पासपोर्टवरील छायाचित्राच्या मागे मॉरिशसचे तिकीट उभे आहे. बोटांच्या ठशांच्या मागे ‘सेटलमेंट’ची वही. भटक्या-विमुक्तांतील कितीतरी कुटुंबांना आजही जन्माचा, जातीचा, रहिवासाचा दाखला मिळवणे कठीण जाते. एके काळी ज्यांच्यावर कागद लादला, त्यांच्याचकडे आज कागद नाही म्हणून दारे बंद. याहून क्रूर विसंगती इतिहासात शोधूनच काढावी लागेल.

३४/
काहीजण म्हणतील, शब्दांचा एवढा काथ्याकूट कशाला? सोपे करून सांगायला ‘पासपोर्ट’ म्हटले तर बिघडले कोठे? सोपे करण्याला माझा विरोध नाही. शाळेतल्या मुलाला ‘प्रवासाची परवानगी-चिठ्ठी’ म्हणून सांगा, त्याला कळेल आणि ते खरेही आहे. पण ‘पासपोर्ट’ म्हटले की आपण नकळत नागरिकाचे चित्र डोळ्यांपुढे आणतो. १६६६ साली प्रजा होती. नागरिक व्हायचा होता.

३५/
म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी असे चित्र समोर आले, तर तीन प्रश्न विचारा. हा कागद कोणी दिला? तो कोणता प्रश्न सोडवत होता? आणि तो कोणाला बाळगावा लागत नव्हता? यांतील तिसरा प्रश्न बहुधा राहून जातो. पण सत्ता कोणावर विश्वास ठेवत होती, हे त्याच प्रश्नातून कळते.

३६/
पावसाळा ओसरला की कावल्या घाटाने उतरून पाहा. वाटेत चौकी नाही, जकात नाही. तुम्ही एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाता, देशावरून कोकणात जाता आणि कोणी काही विचारत नाही. ही मोकळीक साधी नाही. चौक्या उठल्या, संस्थाने विलीन झाली, घटना लिहिली गेली, तेव्हा ती मिळाली. ती सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नाही, एवढे मात्र उतरताना ध्यानात ठेवा. मतभेद असतील तर पुराव्यासह अवश्य मांडा. चूक असेल तर दुरुस्त करीन.